भाऊकाकांची छोटी महोगनी गिटार : पॉलिश करून घेऊ का?

ठाकूरद्वारची | ६ जुलै, रात्री १०:४२

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला चाललीय. ऑगस्टअखेर खोली रिकामी करून द्यायची आहे, त्यामुळे गेले तीन रविवार माळा उतरवणं चालू आहे. घंगाळ, दोन मोडके स्टोव्ह, बाबांच्या मॅट्रिकच्या वह्या, आणि सगळ्यात मागे सोलापुरी चादरीत गुंडाळलेली एक काळी पुठ्ठ्याची पेटी. पेटीत गिटार.

ही माझ्या धाकट्या काकांची. भाऊकाका बोटीवर वायरलेस ऑफिसर होते. साठच्या दशकात कधीतरी न्यूयॉर्कहून आणली एवढंच घरात माहीत आहे. काका जाऊन बारा वर्षं झाली. काकूंना विचारलं तर "होती बाई एक, वाजवायचे बसून" यापुढे गाडी जात नाही.

गिटार लहानखुरी आहे. पुढून, मागून, कडेने एकाच तपकिरी लाकडाची, नक्षीबिक्षी काही नाही. डोक्यावरची अक्षरं अर्धी उडालीत, पण 'मार्टिन' आणि '१८३३' वाचता येतं. भोकातून आत टॉर्च मारली तर एका लाकडी ठोकळ्यावर ०-१५ आणि १३१ने सुरू होणारा सहा आकडी नंबर ठोकलेला दिसतो.

अवस्था अशी : अंगभर धूळ आणि पांढरट बुरशी. दोन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या. भोकाजवळ जी काळसर प्लास्टिकची पट्टी असते तिच्या कडेने केसाएवढी भेग. ब्रिजच्या (खाली तारा अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी) मागे लाकूड थोडं फुगलंय. तारा इतक्या वर आहेत की खालून माझी करंगळी जाईल. फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मात्र नवेकोरे वाटतात.

शनिवारी एका दुकानात नेली (नाव लिहीत नाही). तिथला मुलगा म्हणाला, हिला ट्रस रॉडच नाही, चावीचं भोक कुठेय दाखवा, म्हणजे डुप्लिकेट. शिवाय पुढची फळी मागच्यासारखीच दिसते म्हणजे प्लायवूड. ठेवून जा, दोन हजार देतो.

चुलतभावाचं (काकांचा मुलगा) म्हणणं, बुधवारी कपाटांना पॉलिशवाला येतोच आहे, त्याच्याकडूनच घासून मस्त चकाचक करून घेऊ, नव्या घरात भिंतीवर छान दिसेल.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. काय करू?

लाकूडतोड्या | ६ जुलै, रात्री ११:०५

पॉलिशवाल्याला चहा पाजा, कपाटं दाखवा. गिटार दाखवू नका. शेजारच्या खोलीत नेऊन ठेवा हवं तर.

सविस्तर उद्या लिहितो. तोवर उरलेल्या चार तारा चांगल्या ढिल्या करा, गिटार पेटीतून बाहेर काढा आणि ती बुरशीची पेटी तिच्यापासून लांब ठेवा. उन्हात वाळवायला घालू नका. पापड नाहीयेत.

सहा_तारा | ६ जुलै, रात्री ११:३१

डुप्लिकेट आहे म्हणतो आणि वर दोन हजारही देतो? भलताच दानशूर माणूस. दिवे घ्या.

नुसताच_वाचक | ७ जुलै, सकाळी ८:१०

फोटो दिसत नाहीयेत.

लाकूडतोड्या | ७ जुलै, रात्री ९:५०

आता निवांत आहे. (ओळख : पंधरा वर्षं फर्निचरचं काम केलं, गेली काही वर्षं वसईला घराच्या पडवीत गिटारी दुरुस्त करतो.)

आधी ट्रस रॉड. म्हणजे नेकच्या, गिटारीच्या लांब दांड्याच्या, पोटातली सळई, चावीने कमीजास्त ताणता येणारी. मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने ही फिरणारी सळई १९८५ साली आणली. त्याआधी, १९३४ ते १९६७ या काळात, नेकमध्ये टी आकाराची पोलादी पट्टी बसवत (महायुद्धात पोलादाची टंचाई झाली तेव्हा काही काळ एबनी या काळ्या, कठीण लाकडाची). ती फिरवायची सोयच नाही. म्हणजे तुमच्या गिटारीला चावीचं भोक सापडलं असतं तर मला शंका आली असती! एखाद्या जुन्या स्पीकरचा जोरकस लोहचुंबक मिळाला तर फ्रेटबोर्डवर मधोमध धरून बघा. फ्रेट जर्मन सिल्व्हरचे असतात, त्यांना चुंबक लागत नाही. ओढ जाणवली तर ती आतल्या पट्टीची.

आता प्लायवूड. भोकाच्या कडेला भिंग धरा. वरच्या पृष्ठभागावरची लाकडाची रेघ कडेवरून तशीच आत उतरताना दिसली तर फळी अखंड आहे. प्लायला थर दिसतात, खारी बिस्किटासारखे. पुढची फळी बहुतेक गिटारींना स्प्रूस नावाच्या फिकट लाकडाची असते, म्हणून तपकिरी फळी बघून त्या मुलाची गल्लत झाली असावी. मार्टिनच्या १५ आणि १७ नंबरच्या स्टाइलमध्ये पुढची फळीही महोगनीचीच.

०-१५ वाचायचं असं : शून्य म्हणजे आकार, १५ म्हणजे स्टाइल. एका शून्याची खालच्या बाजूला रुंदी साडेतेरा इंच. दोन शून्यं त्याहून मोठी, तीन त्याहून मोठी, आणि मग डी, म्हणजे ड्रेडनॉट, हल्ली सगळ्यांच्या हातात दिसते ती धूड. तुमच्या काकांना गंमत वाटली असती, ते नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून घेतलंय. १५ ही त्या काळची साधी, स्वस्तातली स्टाइल. चकचकीत फिनिश नाही, कडेला पांढरी पट्टी नाही. पण आतली बांधणी महागड्या बहिणींसारखीच, एक्स आकाराच्या आडव्या-तिडव्या पट्ट्यांची.

आणि साल. १९५२चा शेवटचा नंबर १२८४३६, १९५३चा १३४५०१. तुमचा नंबर १३१ने सुरू होतो, म्हणजे १९५३. पूर्ण नंबर इथे टाकू नका, घरी वहीत लिहून ठेवा.

आता पॉलिश. आपला पॉलिशवाला काचपेपर मारणार आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बोळ्याने फिरवणार. हिच्यावरचं फिनिश नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे, ते स्पिरिटने मऊ पडतं, चिकट होतं. सॅनिटायझरचा ओला हातही लावू नका. शिवाय महोगनीची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. कपाटाच्या दाराला घासतात तशी घासली तर सत्तर वर्षांचं लाकूड भुसा होऊन जमिनीवर. जुन्या गिटारीच्या बाजारात मूळ फिनिश खरवडलेल्या वाद्याची किंमत साधारण निम्म्यावर येते, आणि ते फिनिश परत आणायचा उपाय नाही. भेग सांधता येते, ब्रिज परत चिकटवता येतो. खरवडलेलं परत येत नाही.

तारा उंच आहेत म्हणता, ब्रिजमागे फुगलंय म्हणता. हे या वयाच्या गिटारीचं नेहमीचं दुखणं. तारा सत्तर वर्षं ओढतात, अंग हळूहळू वळतं, नेकचा कोन बदलतो. याला नेक रिसेट लागतो. पंधरावा फ्रेट उपसून तिथून सांध्यात बारीक भोक पाडायचं, वाफ सोडायची, आतला सरस मऊ झाला की नेक डोलवत बाहेर काढायचा, बुंध्याशी कागदाएवढं लाकूड तासून नव्या कोनात बसवायचा. मोठं काम आहे. घाई नाही.

ठाकूरद्वारची | ९ जुलै, रात्री ११:२०

चुंबक ओढतोय!! भावाच्या जुन्या होम थिएटरचा स्पीकर फोडला त्यासाठी. भोकाच्या कडेला रेघ आत उतरते. रुंदी शिंप्याच्या टेपने साडेतेरा इंच.

पॉलिशवाला येऊन गेला. कपाटं चकाचक झाली. भाऊ रुसलाय, आधी गिटार आणि वर स्पीकर.

बुरशीचं काय करू ते सांगा. आणि आत धुळीचे गोळेच्या गोळे आहेत.

लाकूडतोड्या | १० जुलै, सकाळी ७:१५

नाकाला मास्क लावून गॅलरीत न्या. मऊ कोरड्या ब्रशने (रंगाचा नवा ब्रश चालेल) बुरशी झटका. मग सुती कापड पाण्यात बुडवून इतकं पिळा की हाताला जेमतेम गार लागेल, त्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा. लिंबूवालं फर्निचर पॉलिश, खोबरेल तेल, सिलिकॉनचा स्प्रे, काही नको. नुसता फ्रेटबोर्ड फार सुकलेला वाटला तर त्याचं नंतर बघू.

आतली धूळ : मूठभर कच्चे तांदूळ भोकातून आत टाका, गिटार आडवी धरून हलक्या हाताने सूप पाखडतात तशी हलवा, उलटी करून ओता. धूळ तांदळाला चिकटून येते. तांदूळ मग कबुतरांनाही घालू नका.

हे झाल्यावर बोटाच्या पेराने पुढच्या आणि मागच्या फळीवर ठिकठिकाणी टकटक करा. कुठे खर्र, फाटल्यासारखा आवाज आला तर तिथली आतली पट्टी सुटलीय. आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. कागद शिरला तर ब्रिज उचललाय.

आरामखुर्ची | १० जुलै, दुपारी १:४०

लाकूडतोड्या, पावसाळ्यात ठेवायची कशी तेही सांगा. आमच्याकडे माहीमला खिडकीबाहेर समुद्र, कपाटातले बूट हिरवे होतात. माझी गिटार जुलैत वाजवायला जड होते आणि जानेवारीत तारा फ्रेटवर खडखडतात. मला वाटायचं माझीच बोटं बिघडतात.

लाकूडतोड्या | १० जुलै, रात्री १०:०५

बोटांना दोष नाही. लाकूड हवेतलं पाणी पितं, फुगतं, फळी वर येते, तारा वर जातात. थंडीत उलट. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि मुंबईत जुलैमध्ये ती ८५च्या पुढे राहते.

आधी एक आर्द्रतामापक घ्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात चिखल होईल इतकंच पाणी, ते आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवं. माझा एक ६८ दाखवायचा. तेवढा फरक धरून चालायचं.

मग गिटार नीट बंद होणाऱ्या केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरायच्या. किंवा आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणाऱ्या तयार पुड्या मिळतात, त्या. भिंतीला टांगायची तर आतल्या भिंतीला. बाहेरच्या भिंतीला ओल असते.

गोवंडीचा_गोविंदा | १० जुलै, रात्री १०:४८

आमचे आजोबा तबला-पेटीच्या कपाटात ४० वॅटचा बल्ब लावून ठेवायचे चार महिने. फुकटात काम.

लाकूडतोड्या | १० जुलै, रात्री ११:१२

पद्धत बरोबर आहे, कपाटातली हवा तापली की आर्द्रता उतरते. पण बल्ब खाली आणि गिटार वर असं नको. जुना सरस उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की मऊ पडतो. आपण नेक काढायला वाफ सोडतो ती याच कारणाने! त्याच कारणाने मे महिन्यात गाडीच्या डिकीत गिटार ठेवून लग्नाला जाऊ नये. एकांची ब्रिज डिकीतच सुटून आली होती.

शुद्धलेखनप्रेमी | ११ जुलै, सकाळी ९:००

"एकांचा ब्रिज" हवं ना?

मिरजेचा_भोपळा | ११ जुलै, सकाळी ९:३५

आमच्याकडे तिला घोडी म्हणतात, म्हणून सगळ्याच वाद्यांची 'ती' झाली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा आमचं व्याकरण आता सरकारमान्य आहे.

शुद्धलेखनप्रेमी | ११ जुलै, सकाळी ९:५२

मानांकन वाद्याला मिळालंय. लिंगाला नाही.

सहा_तारा | ११ जुलै, सकाळी १०:०३

झालं, धाग्याचं काश्मीर.

चिंचपोकळी_एक्सप्रेस | ११ जुलै, दुपारी १२:३०

आमच्या रस्त्यावर पालिकेने लावलेली महोगनीची झाडं आहेत. लाकडी फळ तडकतं आणि पंखवाल्या बिया गरगरत खाली येतात, पोरं झेलायला धावतात. तेच लाकूड का?

लाकूडतोड्या | ११ जुलै, रात्री ८:२०

कुळ तेच. गिटारीचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं. स्प्रूसचा आवाज खणखणीत, लांबवर जाणारा. महोगनीच्या फळीचा आवाज गूळ घातलेल्या चहासारखा, मधला भाग भरलेला, वरची झिलई कमी. त्यात आकार छोटा, म्हणून सभागृह दणाणणार नाही, पण खोलीत कुणी गात असेल तर गळ्याच्या अंगावर येत नाही.

गोवंडीचा_गोविंदा | १२ जुलै, रात्री ९:१५

स्पष्ट विचारतो, विकली तर किती येतील? अमेरिकेतल्या साइटवर टाकली तर?

आरस्पानी | १२ जुलै, रात्री ९:५८

मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते, म्हणून लिहिते. महोगनीचा प्रश्न नाही, ती 'साइट्स' या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असली तरी बंधन ओंडके, फळ्या, प्लाय यांना आहे, तयार वाद्याला नाही. प्रश्न आहे फ्रेटबोर्ड आणि ब्रिजचा. त्या काळच्या मार्टिनला तिथे ब्राझिलियन रोझवूड असायचं, आपल्या शिसवाचं चुलत भावंड. ते १९९२पासून पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सगळ्यात कडक. लाकूड बंदीआधीचं आहे असं प्रमाणपत्र काढल्याशिवाय ही गिटार देशाबाहेर पाठवू नका. कस्टमला अडकली तर वाद्य जप्त होऊ शकतं. आपल्या भारतीय शिसवाच्या तयार वाद्यांना २०१९च्या शेवटी सूट मिळाली, त्याच्याशी गल्लत करू नका.

ठाकूरद्वारची | १२ जुलै, रात्री १०:३०

विकायची नाहीये हो. विकायची असती तर दोन हजार घेऊन घरी आले असते :)

तांदूळ प्रयोग झाला. वाटीभर पांढरे आत गेले, काळपट बाहेर आले, सोबत एक पेनाचं टोपण आणि वाळलेलं झुरळ. बुरशी गेली. खालून लाकूड काय सुंदर निघालंय, तांबूस, आत उजेड असल्यासारखं. टकटक केली, सगळीकडे आवाज एकसारखा. ब्रिजखाली कागद शिरत नाही.

तारांची उंची भावाने मोजली (रुसवा संपला, आता तो माझ्याहून जास्त गुंतलाय). बाराव्या फ्रेटवर जाड तार सहा मिलिमीटर.

लाकूडतोड्या | १३ जुलै, सकाळी ७:४०

सहा फारच झाले. वाजवायला अडीचच्या आसपास हवी. नेक रिसेट नक्की. पण आत्ता नाही, पाऊस संपून लाकूड बसलं की ऑक्टोबरअखेर. फ्रेट नवे आहेत म्हणजे वाजली फारच कमी.

भेगेचंही तेव्हाच बघू. ती काळसर पट्टी सेल्युलॉइडची. तेव्हा ती उघड्या लाकडावर थेट चिकटवत. वर्षांगणिक सेल्युलॉइड आक्रसतं, लाकूड सोबत ओढतं, कडेला भेग पडते. जुन्या मार्टिनांची ही ओळखीची भेग. आतून शंकरपाळ्याच्या आकाराच्या दोन-तीन पातळ चिपाट्या सरसाने लावल्या की थांबते. आणि केसमध्ये डांबरगोळ्या, कापूर टाकू नका. कापूर घालूनच सेल्युलॉइड बनवायचे, त्याची आणि या फिनिशची जात एक.

ठाकूरद्वारची | १७ ऑगस्ट, रात्री ११:५०

महिन्याभराने आले. सामान हलवण्यात जीव गेला. आता आम्ही तात्पुरत्या भाड्याच्या जागेत डोंबिवलीला.

जुनी पेटी फेकून देणार होते. फेकण्याआधी आतला छोटा कप्पा (झाकणवाला) उघडला. त्यात तीन वस्तू. एक, पितळेची की पोलादाची, बोटभर लांबीची गुळगुळीत गोल कांडी, जड. दोन, अंगठ्यात घालायची नखी. तीन, पत्र्याचा एक वाकवलेला तुकडा, वरून सहा बारीक खाचा. भाऊ म्हणतो कसलातरी सुटा भाग आहे. चिकटवायचा राहिलाय का कुठे?

मिरजेचा_भोपळा | १८ ऑगस्ट, सकाळी ६:५५

ताई!! काका हवाईयन वाजवायचे!

लाकूडतोड्या | १८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

थांबा. मी कपाळावर हात मारून घेतो आधी.

तो पत्र्याचा तुकडा नटवर (डोक्याजवळ तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) टोपीसारखा बसतो, तारा वर उचलायला. हवाईयन पद्धतीत गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात ती कांडी, तारा फ्रेटला दाबायच्याच नाहीत, नुसती कांडी वरून सरकवायची. म्हणून तर फ्रेट कोरे! मी म्हणालो वाजली कमी. वाजली नसेल कशाला, रोज वाजली असेल.

आता एक करा. ब्रिजवर तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ती सॅडल. ती लाकडाच्या वर किती उभी आहे आणि तिची वरची कड सरळ आहे की कमानदार, ते बघा. आणि एक लांब स्टीलची पट्टी फ्रेटवर टेकवून ब्रिजकडे सरकवा. टोक ब्रिजच्या कुठे लागतं? हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. उंच तारा म्हटल्यावर रिसेट, असं तोंडपाठ उत्तर देऊन बसलो.

ठाकूरद्वारची | १८ ऑगस्ट, रात्री १०:१५

सॅडल जवळजवळ आठ मिलिमीटर वर आहे, वरची कड सरळसोट. स्टीलची पट्टी (भावाने ऑफिसातून आणली) बरोबर ब्रिजच्या वरच्या कडेला टेकते. हे चांगलं की वाईट?

लाकूडतोड्या | १८ ऑगस्ट, रात्री १०:२८

उत्तम! नेकचा कोन जागेवर आहे. रिसेट नको. साठ-सत्तर वर्षांच्या गिटारीला हे भाग्य क्वचित. तारा उंच आहेत त्या काकांनी मुद्दाम उंच केल्यात, तिला दुखणं काहीच नाही. मी ऑक्टोबरमध्ये पंधरावा फ्रेट उपसून वाफ सोडली असती, या विचारानेच घाम फुटला.

फुगवटाही त्यातलाच असणार. सॅडल उंच तितकी तारांची तरफ मोठी. फक्त ब्रिजच्या पुढच्या कडेला सॅडलच्या खाचेशी तडा नाही ना, बघून घ्या. उंच सॅडल पुढे झुकते आणि ब्रिज फाडते.

मिरजेचा_भोपळा | १८ ऑगस्ट, रात्री ११:०२

आपल्याकडे एक काळ याचं केवढं वेड होतं. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्या तबकड्यांवर सिनेमाची गाणी मांडीवरच्या गिटारीवरच वाजायची. ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग वाजवले. आणि लाकडाच्या बाबतीतही हे जुळतं : अमेरिकेत विसाच्या दशकात हवाईयन संगीताची लाट आली तेव्हा मार्टिनने स्टीलच्या तारांसाठी म्हणून नेहमीचं पहिलं मॉडेल काढलं, १९२२चं २-१७. छोटं आणि अख्खं महोगनीचं.

सहा_तारा | १९ ऑगस्ट, सकाळी ८:४०

मग आता स्पॅनिश (म्हणजे नेहमीसारखी, बोटांनी तारा दाबून वाजवायची) करायची की हवाईयनच ठेवायची? मतदान घ्या.

लाकूडतोड्या | १९ ऑगस्ट, रात्री ९:१०

मतदान कशाला, दोन्ही होतं. मी हाडाची नवी बुटकी, कमानदार सॅडल करून देतो. काकांची जपून काढायची, पत्र्याच्या टोपीसोबत पुडीत ठेवायची. बदलायला दहा मिनिटं. ब्रिज किंवा नेक कापायचं काहीच नाही. तारा मात्र ०.०१० ते ०.०४७ इंच जाडीचा हलका सेट, साधारण साठ किलोचा ताण. ०.०१२ने सुरू होणारा सेट सत्तरच्या वर जातो, या वयात कशाला.

ठाकूरद्वारची | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

अपडेट द्यायचा राहिला होता. दिवाळीनंतर मी, भाऊ आणि काकू वसईला जाऊन आलो. (लाकूडतोड्या, वहिनींना सांगा, रव्याच्या लाडवांबद्दल वेगळा धागा काढणार आहे.)

भेगेला आतून तीन शंकरपाळ्या लागल्या. ब्रिजला तडा नव्हता. मग दादांनी (म्हणजे लाकूडतोड्यांनी) काकांची सॅडल चिमट्याने हळू वर काढली आणि दिव्याखाली धरली. खाचेत बुडलेल्या भागावर काळे आकडे. ७, ८, ९, १०, सरळ १४पर्यंत, मध्ये मिलिमीटरच्या रेघा. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी कापून केली होती!

काकू म्हणाल्या, "बोटीवरून आले होते. बाजारात कुठे मिळेना, म्हणून याची कापली." 'याची' म्हणजे भावाची. पाचवीत असताना पट्टी हरवली म्हणून याला शाळेत छड्या बसल्या होत्या आणि घरी काकांनीच वर रागावून घेतलं होतं, वस्तू सांभाळत नाही म्हणून. भाऊ पाच मिनिटं काही बोललाच नाही.

दादांनी हाडाची सॅडल तयार ठेवली होती. काकू म्हणाल्या, आधी ह्यांचीच लाव, मला ऐकायचंय. तर पट्टी परत बसली, नटवर टोपी चढली, नव्या तारा. वाजवणार कोण? दादांनीच कांडी फिरवली, दोन-तीन सूर, वर सरकवत नेलेले. काकूंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ह्यांचा हात जरा हलायचा शेवटी." म्हणजे कंप. दादांनी पुन्हा वाजवलं, हात हलवून. तेव्हा त्या हसल्या.

हाडाची सॅडल पुडीत आहे. भाऊ हवाईयनचा क्लास शोधतोय, डोंबिवली-ठाणे भागात कुणाला माहीत असेल तर विपु (विचारपुशीत निरोप) करा. आणि तो रोज एकदा विचारतो, ० ते ६ कुठे गेले असतील?